रेघेवरचं पाणी

१

इंजिन ठणठणीत कोरडं होतं आणि त्याच्या शेजारची कूलंटची बाटली रेघेपर्यंत भरलेली होती.

नयना प्रधान यांनी टॉर्च विझवला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत असणं त्यांना पटत नव्हतं.

बडोद्यात मांजलपूरच्या एका टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, पोर्चमध्ये ताडपत्रीखाली ती एटीव्ही उभी होती. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, आणि मधोमध शर्यतीच्या ताकदीचं इंजिन. मागच्या आठवड्यात नंदेसरीच्या पुढे, मही नदीच्या कोतरांत, खोल घळींमध्ये, उतारावर तिचं इंजिन जाम झालं, मागची चाकं जागीच आवळली आणि गाडी कोलांटी खाऊन पुन्हा चाकांवर येऊन थांबली. चालवणारा समरजित शितोळे उतारावरच राहिला. पोलिसांनी अपघाती मृत्यू अशी नोंद केली आणि गाडी घरच्यांच्या ताब्यात दिली.

"अपघात हा शब्द मला सांगू नका." समरजितचे वडील दत्ताजीराव दारात उभे होते. बडोद्याच्या दोन पिढ्यांना त्यांनी शाळेत मल्लखांब शिकवला होता. पाठ अजून ताठ होती, आवाज मात्र बसला होता. "माझ्या पोरानं ती गाडी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ती आपोआप सुकत नाही. कुणीतरी सुकवली."

नयनाताई विमा कंपन्यांसाठी मोडक्या इंजिनांची तपासणी करत. हे काम त्यांनी दत्ताजीरावांच्या शब्दाखातर घेतलं होतं. नयनाताईंच्या भावाला दत्ताजीरावांनीच मल्लखांबावर चढवलं होतं.

"कुणावर संशय आहे?"

"संशय नाही, खात्री आहे. विश्वंभर साळवी. गाडीचं सगळं काम त्याच्याकडे. या घरात जेवला, झोपला, समरचा भाऊ म्हणून वावरला." ते थांबले. "दहावा चांदोदला आहे. समरला तिलांजली द्यायला जो येईल तो स्वच्छ हातांनी यावा. ज्यानं त्याला मारलं तो माणूस मला घाटावर नको. तुम्ही त्याआधी नाव लिहून द्या. मी पोलिसांत देतो."

"नाव त्याचंच असेल असं नाही."

"जो असेल तो. माझा सख्खा असला तरी."

नयनाताई पुन्हा वाकल्या. रेडिएटर आपटून फाटला होता. तो हिशेबात धरण्यात अर्थ नव्हता. त्यांनी हाताने चाचपत खाली वॉटर पंप शोधला. इंजिन थंड ठेवणारं कूलंट आतून फिरवतो तो हाच. गळती बहुधा याच्यापासून सुरू होते.

हाताला रिकामी जागा लागली.

पंप गाडीत नव्हता. तो आपटून तुटला नव्हता, कुणीतरी काढून नेला होता. आणि नेणाऱ्याने त्याचे चारही बोल्ट पुसून, ज्याचे त्याच्या भोकात, बोटाने फिरवून परत बसवले होते.

२

पोर्चच्या फरशीवर, बाटलीच्या बाजूला, एक पांढरा डाग होता. पाणी सांडून सुकत राहावं तसा, कडांना जाड. समरजितच्या गाडीला लागणारं कूलंट लाल असतं. नयनाताईंनी डागाचा फोटो घेतला आणि घरात गेल्या.

बैठकीत समरजितच्या फोटोपुढे समई होती. समरजितची बायको मनाली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर, फळीवर, एक जुनी रिकीब आणि एक पितळी गडू मांडलेला होता.

"आमचे आजोबा सरकारच्या पागेत होते," नयनाताईंची नजर पाहून दत्ताजीराव म्हणाले. दुःखातही हे सांगताना त्यांची मान वर झाली. "आमच्यात एक रीत होती. स्वारीला निघायच्या आधी घोड्याला घरच्या कर्त्या माणसानं स्वतःच्या हातानं पाणी पाजायचं. नोकराच्या हातचं नाही. जनावर तहानलेलं गेलं तर स्वार परत येत नाही, असं आजोबा म्हणायचे. त्यांच्या वेळचाच तो गडू."

"आणि आता घोडे नाहीत."

"आता काय, यंत्रं." ते समईकडे बघत राहिले.

"त्या दिवशी गाडी निघाली तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो. पाणी पुरेपूर होतं. रेघेला टेकलेलं. हे मी शपथेवर सांगतो. जे झालं ते घरातून निघाल्यावर झालं, नाहीतर त्या विश्यानं आत काहीतरी कच्चं सोडलं होतं."

"तुम्ही गाडीची देखभाल करत होता?"

"मी? हात लावू देत नव्हता तो. एकदा पाणी घालायला गेलो तर ओरडला. बाबा, याला घरचं पाणी चालत नाही, याचं औषध वेगळं असतं. मी म्हटलं, राहिलं."

दत्ताजीराव भेटायला आलेल्यांकडे बाहेर गेले. मनालीने नयनाताईंना पाणी दिलं. पेल्याला आतून पांढरी कड होती.

"बोअरचं आहे," ती म्हणाली. "आमच्या सोसायटीत सगळ्यावर हे पांढरं बसतं. नळ, बादल्या, गीझर. प्यायचं बाटलीतलं आणते, द्यायचं विसरले. माफ करा."

"असू दे. तुम्हाला ती गाडी आवडायची?"

"ती माझी सवत होती." मनाली जराशी हसली आणि लगेच हसणं विसरली. "भांडण झालं की मी स्पार्क प्लगची वायर काढून डब्यात लपवायचे. मग साहेब रविवारी घरी. तो हसायचा, म्हणायचा, मॅडम, आज मिठाच्या डब्यात की रव्याच्या?"

"म्हणजे गाडीतलं तुम्हाला कळतं."

"तेवढंच." तिने पेला परत घेतला. "त्या आठवड्यात आमचं भांडण झालं नव्हतं, ताई. म्हणून वायर जागेवर होती."

निघताना नयनाताई फळीपाशी थांबल्या. रिकीब आणि गडू दोन्ही बाहेरून लखलखीत होते. त्यांनी टाचा उंचावून गडूत डोकावलं.

शोभेच्या त्या गडूला आतून ताजी पांढरी कड होती.

३

"आवो बेन, आवो." धवल अमीनने शेतावरच्या शेडमध्ये खाट पुढे ओढली. नंदेसरीच्या कारखान्यांचा आंबट वास इथवर येत होता. धवल समरजितचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघांनी एकाच वेळी एटीव्ही घेतल्या होत्या, आणि समरजितची गाडी नेहमी पुढे असायची.

"ती गाडी तुम्हाला हवी होती म्हणे."

"कोण नाही म्हणतंय? रोज मागायचो. समरियो म्हणायचा, धवला, तू माझ्या मागे धूळ खातो तेच बरं आहे." त्याने नाक पुसलं. "आत्ताही फोन केला काकांना, की मोडकी गाडी मी घेऊन जातो. काकांनी मला गिधाड म्हटलं. बेन, भाभी दार उघडते आणि समोर ती गाडी. रोज. एवढंच वाटलं म्हणून मागितली."

"अपघाताच्या वेळी तुम्ही मागे होतात. काय पाहिलंत?"

"चाकं आवळली. धूर नाही, काही नाही. धावत गेलो. सगळं फुटलेलं, पण जमिनीवर एक थेंब नाही. रेडिएटर फाटला तर लाल पाणी सांडायला हवं ना? सुकी माती."

नयनाताईंनी मान हलवली. इंजिन पडण्याआधीच कोरडं झालं होतं.

"समरजितला गाडी तापल्याचं कळलं नाही?"

"तीच तर गंमत." धवल खाटेवर बसला. "आदल्या रविवारी मी त्याची गाडी चालवली. तापमानाचा काटा वर चढला, चढला, आणि एकदम खाली पडला. थंड दाखवायला लागला. मी त्याला सांगितलं, काटा नाटक करतोय. त्यानं उतरून बाटली पाहिली. रेघेवर. म्हणाला, वायर ढिली असेल, विश्याला दाखवतो."

काटा नाटक करत नव्हता. ज्या जागी तो तापमान मोजतो तिथे कूलंट संपलं की मोजायला काही उरत नाही; इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. नयनाताईंनी हे धवलला सांगितलं नाही. सांगून त्याच्या झोपेचं काय झालं असतं, हे त्यांना दिसत होतं.

"पंचनाम्यानंतर गाडी कुठे होती?"

"इथेच, या शेडमध्ये. मी टेम्पोनं आणली."

"कुणी हात लावला?"

"विश्वंभर आला सकाळी. मला म्हणाला, थोडा वेळ एकटा सोड. मी गेलो. परत आलो तर तो इंजिनपाशी खाली बसून रडत होता. मोठ्यानं, लहान पोरासारखा. मी म्हटलं, काय सापडलं? तर माझा हात धरून म्हणाला, धवल, काही सापडलं नाही. कुणी विचारलं तर सांग, काही सापडलं नाही."

४

प्रतापनगरला, रेल्वे यार्डाच्या मागच्या रस्त्यावर, विश्वंभरच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. नयनाताई वाकून आत शिरल्या. तो आतमध्ये स्टुलावर नुसता बसला होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेली. समोरच्या टेबलावर कुणाच्या तरी मोटारसायकलचं इंजिन खोलून ठेवलं होतं.

"काकांनी पाठवलं ना?" तो म्हणाला. "लिहून टाका. चूक माझी आहे. वॉटर पंपाचं सील गेलं होतं. मी बदलायला हवं होतं, नाही बदललं."

"पंप कुठे आहे?"

"टाकला."

"कुठे?"

"विश्वामित्रीत."

"मगरी असतात तिथे. खाली उतरून टाकलात की पुलावरून?"

विश्वंभरने शटरकडे पाहिलं.

नयनाताई टेबलाकडे वळल्या. खोललेल्या इंजिनाचा प्रत्येक बोल्ट पुसून, ज्याचा त्याच्या भोकात, बोटाने फिरवून ठेवलेला होता. भिंतीशी लाल कूलंटचे कॅन ओळीने उभे होते. सगळ्यांची सीलं शाबूत.

"शितोळ्यांच्या बाटलीत जे आहे ते लाल नाही," त्या म्हणाल्या. "फिकट गुलाबी आहे. कूलंट महाग, म्हणून तुम्ही पाणी मिसळत होता, असं लिहू का?"

"पाणी?" तो उठून उभा राहिला. "मी? समरच्या गाडीत? बेन, या इंजिनात मी डिस्टिल्ड पाणीसुद्धा घालत नाही, ते घरचं बोअरचं—"

तो थांबला.

"बोअरचं मी म्हटलं नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

विश्वंभर पुन्हा स्टुलावर बसला. यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला आणि विरला.

"बाटलीवरची पांढरी रेघ कुणी मारली?"

"मीच. आमचं ठरलं होतं. दर राइडच्या आधी समर रेघ बघणार. पातळी रेघेखाली गेली तर गाडी घराबाहेर काढायची नाही, आधी माझ्याकडे आणायची. कधी विसरला नाही तो. पण सगळा उन्हाळा ती हललीच नाही. मला चिडवायचा. म्हणायचा, विश्या, हे इंजिन बांधलंस की देव्हारा? याचं तीर्थसुद्धा कमी होत नाही."

"बडोद्याच्या उन्हाळ्यात."

"हो."

"इतक्या तापणाऱ्या इंजिनात."

"हो, बेन." तो हातांकडे बघत होता. "चांगल्या गाडीचीसुद्धा बाटली थोडी खाली येते. पोरासोरांना मी हेच शिकवतो. जी अजिबात हलत नाही ती कुणीतरी भरत असतं. मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. त्यानं माझं कौतुक केलं आणि मी खूश झालो."

त्यानंतर तो एवढंच म्हणाला: "माझं नाव लिहा. मला घाटावर येऊ देऊ नका. चालेल मला. पण पुढे खोदू नका."

५

दहाव्याच्या आदल्या सकाळी नयनाताई पुन्हा शितोळ्यांच्या पोर्चमध्ये आल्या. दत्ताजीराव गुरुजींकडे गेले होते. मनाली दाराच्या पायरीवर बसून पाहत होती.

त्यांनी तीन चमचे घेतले. एकात विश्वंभरच्या कॅनमधलं कूलंट, दुसऱ्यात गाडीच्या बाटलीतलं, तिसऱ्यात पोर्चच्या नळाचं पाणी. तिन्ही छोट्या शेगडीवर आटवले. पहिल्यात लाल चिकट थर राहिला. तिसऱ्यात पांढरा. दुसऱ्यातही पांढराच, फक्त कडेला किंचित गुलाबी.

"म्हणजे काय?" मनालीने विचारलं.

"बाटलीत जवळजवळ सगळं तुमच्या बोअरचं पाणी आहे. एकदा घातल्याने इतकं होत नाही. कुणीतरी प्रत्येक वेळी थोडं थोडं घालत होतं, आणि ते घरात घालत होतं."

"विश्वंभर भाऊजी तर दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे."

"हो. आणि धवलकडे कॅनालचं पाणी आहे, ते असं पांढरं सोडत नाही. तो इथे येऊन पाणी घालणार नाही."

मनालीने फरशीवरच्या डागाकडे पाहिलं. मग मान वळवून आत, फळीकडे. तिचा हात तोंडावर गेला.

"राइडच्या दिवशी पहाटे पोर्चमध्ये ओलं असायचं," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, बाबा तुळशीला पाणी घालतात तेव्हा सांडत असेल. मीच पुसायचे."

नयनाताईंनी शेगडी विझवली.

"ताई, त्यांना सांगू नका. मी तुमच्या पाया पडते. मी त्याला गमावलंय. आता त्यांनाही गमावू?"

"मग विश्वंभरचं नाव लिहू?"

मनालीने डोळे मिटले. तेवढ्यात गेटची कडी वाजली.

गेटमध्ये विश्वंभर उभा होता. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आणि त्याच्या मागून, गुरुजींकडून परतलेले दत्ताजीराव येत होते.

६

"कुणी येऊ दिलं याला?"

"काका, मीच आलो. सांगायला आलो." विश्वंभरने फडकं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. "पंप मी काढला होता. सील जुनं होतं, माझ्या हातून राहिलं. तुम्ही म्हणाल तिथे सही करतो. पोलिसांत चला."

दत्ताजीरावांचा हात वर गेला. आयुष्यभर पोरांना तोलून धरणारा तो हात हवेत थांबला आणि खाली आला.

"ताई," ते म्हणाले, "लिहा. ऐकलंत ना?"

"ऐकलं. लिहू शकत नाही."

"का?"

"कारण खरं नाही." नयनाताईंनी विश्वंभरपुढे हात केला. "द्या तो पंप."

"बेन, नको."

"विश्वंभर, उद्या घाटावर समरजितला पाणी द्यायला तुम्हीच नसलात तर कसं चालेल? द्या."

त्याने दिला. नयनाताईंनी पंप पायरीवर ठेवून फडकं उलगडलं. मुठीएवढी ॲल्युमिनियमची वस्तू. तिच्या पोटाला एक बारीक भोक होतं, आणि भोकाखाली मेणबत्तीसारखा ओघळ जमला होता. आत लालसर, वर पांढरा, त्यावर आणखी पांढरा.

"हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं," त्या दत्ताजीरावांना म्हणाल्या. आवाज त्यांनी जाणूनबुजून सपाट ठेवला होता. "आतलं सील, म्हणजे पाणी अडवणारी कडी, झिजली की इथून एकेक थेंब येतो. इंजिन गरम असतं, थेंब जागीच उडून जातो. जमिनीवर काही पडत नाही. राहतो तो हा थर. तळाशी लाल आहे, म्हणजे पहिल्यांदा गळलं तेव्हा आत बरंच कूलंट होतं. सुरुवातीला जेवढं गळेल तेवढं इंजिन थंड होताना बाटलीतून ओढून घेत होतं. बाटली रेघेखाली गेली असती. समरजितने पाहिलं असतं, गाडी बाहेर काढली नसती. पण बाटली खाली गेली नाही."

"भरलेली होती," दत्ताजीराव म्हणाले. "मी सांगितलं ना."

"हो. पुढे सील इतकं झिजलं की इंजिन बाटलीऐवजी त्या भोकातूनच हवा ओढायला लागलं. मग बाटलीतलं तसंच राहिलं आणि इंजिन आतून रिकामं होत गेलं."

"म्हणूनच," दत्ताजीराव पुटपुटले. "म्हणूनच शेवटी शेवटी ते पीत नव्हतं."

मनाली पायरीवरून उठली.

"गडूभर घालायचो. अर्धं बाहेर यायचं. मला वाटलं, तहान भागली त्याची." ते सावकाश बोलत होते, स्वतःलाच समजावून सांगत असल्यासारखे. मग त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं. "हे पांढरं कशाचं?"

विश्वंभर पुढे झाला. "काका, ते कसलंही असतं, धुळीचं—"

"मी ताईंना विचारलं."

"बोअरच्या पाण्याचं," नयनाताई म्हणाल्या. "कूलंट पातळ झालं की ते इंजिन सांभाळू शकत नाही. आणि या पाण्यातले क्षार सील खरवडतात. पंप त्यामुळेच झिजला असावा."

दत्ताजीराव घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गडू होता. त्यांनी तो उजेडात तिरपा धरला, आतली पांढरी कड पाहिली, अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं. मग पायरीवर, पंपाच्या शेजारी, ठेवून दिला.

"तो ओरडला होता माझ्यावर," ते म्हणाले. "याला घरचं पाणी चालत नाही म्हणून. मी म्हटलं, पोरगं आहे, त्याला काय ठाऊक. म्हणून तो उठायच्या आधी घालायचो. तहानलेलं जाऊ नये म्हणून."

मनाली त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. विश्वंभरकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"धवलच्या शेडमध्ये. पंप काढला, हे पांढरं पाहिलं. हे पाणी या घराचं आहे, मला माहीत होतं. तुमचा गीझर मीच साफ करतो दर दिवाळीला." त्याचा आवाज फाटला. "आणि गडूची गोष्ट तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलाय."

"आणि सगळ्यांसमोर मी तुला खुनी म्हटलं, तेव्हा तू उभा राहून ऐकत होतास."

"मला खुनी म्हणत होता तोवर तुम्ही जेवत तरी होता, काका."

७

चांदोदला नर्मदा सकाळच्या उन्हात संथ होती. डभोईवरून आलेल्या दोन गाड्या वर, रस्त्याला उभ्या होत्या. घाटाच्या पायऱ्यांवर धवल मनालीच्या मागे उभा होता. नयनाताई सगळ्यांत वरच्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या पिशवीत त्यांनी सही केलेला तपासणीचा अहवाल होता, आणि तो काल दत्ताजीरावांनी स्वतः वाचून, सगळं बरोबर आहे म्हणून, परत दिला होता. मृत्यूला जबाबदार कोण, या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं होतं. नयनाताईंनी ते खोडलं नव्हतं.

गुरुजींनी तीळ दिले. "आता मुलाला पाणी द्या," ते म्हणाले. "त्याला तहान लागलेली असते."

दत्ताजीराव गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी ओंजळ भरली. अंगठ्याकडून पाणी सोडायचं होतं. हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. तीही गळून गेली.

"होत नाही माझ्याच्यानं," ते गुरुजींना म्हणाले. "माझ्या हातचं पाणी नको त्याला."

गुरुजी मंत्र थांबवून बघत राहिले.

मग पाणी हललं. विश्वंभर चपला काढून, पँट तशीच भिजवत खाली उतरला. दत्ताजीरावांच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही बाजूंनी हात पुढे घेतले. काळे, ग्रीस न गेलेले ते हात त्याने म्हाताऱ्याच्या ओंजळीखाली धरले, सांधा मिळवावा तसे, फट न ठेवता.

"भरा, काका," तो म्हणाला.

दत्ताजीराव वाकले. चार हात एकदम नदीत बुडाले आणि वर आले. या वेळी पाणी राहिलं.

"समर," दत्ताजीराव म्हणाले, आणि त्यांनी हात कलते केले.